हळदीच्या पाल्याचं नॅनो सिल्व्हर खरंच सेफ आहे का? झेब्राफिशच्या अंड्यांवर टेस्ट कशी करायची, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

सांगली-मिरजेकडच्या कॉलेजांतल्या एमएस्सीच्या प्रोजेक्टची यादी बघितली की एखादा तरी विषय "वनस्पतीच्या अर्कापासून सिल्व्हर नॅनोपार्टिकल", म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण, असा निघतोच. तुळस, कडुनिंब, शेवगा, आणि आपल्याकडं हळदीचा पाला, कारण तो शेतातनं फुकट मिळतो. अर्कात सिल्व्हर नायट्रेट टाकलं, पिवळा रंग तपकिरी झाला, कुठला प्रकाश किती शोषला जातो ते दाखवणाऱ्या यूव्ही मशीनवर ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या मधे पीक आलं, झाला प्रोजेक्ट. आणि शेवटच्या पानावर एक वाक्य ठरलेलं: हे कण हिरव्या पद्धतीनं बनवले आहेत म्हणून पर्यावरणाला सुरक्षित आहेत.

मी हा लेख त्या एका वाक्यासाठी लिहितेय. हिरवी पद्धत म्हणजे बनवताना घातक केमिकल कमी वापरलं एवढंच, तयार झाली ती चांदीच आहे आणि माशांच्या बाबतीत चांदीचा आयन, म्हणजे पाण्यात विरघळलेला विद्युतभारित चांदीचा अणू, हा सगळ्यात विषारी धातूंपैकी एक आहे. तासगावकडं द्राक्षबागांत डावणी-भुरी ह्या रोगांसाठी फवारणी किती होते हे इथल्या कुणाला सांगायला नको, त्यात आता दुकानात "नॅनो" लिहिलेल्या बाटल्यापण दिसायला लागल्यात. बागेत मारलेलं पावसानं ओढ्यात जातं, ओढ्यातनं येरळेत, आणि येरळा ब्रम्हनाळजवळ कृष्णेला मिळते. तेव्हा सेफ आहे असं लिहायचं असेल तर ते तपासून लिहायचं. आणि तपासणं एका कॉलेजच्या लॅबमधे जमण्यासारखं आहे, फक्त क्रमानं आणि नीट करायला पाहिजे.

आधी हे समजून घ्या

टेस्टचं नाव फिश एम्ब्रियो अॅक्यूट टॉक्सिसिटी टेस्ट, ओईसीडी ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेची गाइडलाइन नंबर २३६, २०१३ साली आली. झेब्राफिशची ताजी फलित अंडी घ्यायची, तुमच्या सॅम्पलमधे ९६ तास ठेवायची आणि दर २४ तासांनी बघायचं. मासा आपलाच आहे, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांत आणि भातखाचरांत सापडतो, १८२२ मधे हॅमिल्टननं त्याची नोंद केली. अॅक्वेरियमच्या दुकानात निळ्या पट्ट्यांचा झेब्रा डॅनिओ म्हणून मिळतो तोच. अंडी शरीराबाहेर वाढतात आणि काचेसारखी पारदर्शक असतात, त्यामुळं हृदय धडधडताना जिवंत बघता येतं, कापाकापी काहीच नाही. माणसाच्या जवळपास ७० टक्के जीन्सचा जोडीदार जीन ह्या माशात आहे हे २०१३ मधे त्याचा जीनोम छापून आला तेव्हा कळलं, म्हणून औषधांच्या संशोधनातसुद्धा तो एवढा चालतो.

पण ही गाइडलाइन विरघळणाऱ्या केमिकलसाठी लिहिलेली आहे आणि नॅनोपार्टिकल विरघळलेलं नसतं, ते पाण्यात तरंगत असतं, गोळा होतं, खाली बसतं, हळूहळू आयन सोडतं. म्हणून ओईसीडीला २०२० मधे नॅनोसाठी वेगळं मार्गदर्शन काढावं लागलं, नंबर ३१७. तुमच्या बाटलीत खरंतर तीन गोष्टी आहेत: चांदीचे कण, त्यातनं सुटलेले चांदीचे आयन, आणि पाल्याच्या अर्कातलं उरलेलं काय काय. अंडी मेली तर ह्या तिघांपैकी कुणी मारली हे सांगता आलं पाहिजे. सगळी टेस्ट ह्या एका प्रश्नाभोवती रचायची, बाकी सगळं त्याच्या मागनं येतं.

परवानगी

मासे पाळायला सुरुवात करायच्या आधी कॉलेजच्या अॅनिमल एथिक्स कमिटीशी बोला. युरोपच्या २०१० च्या नियमात स्वतंत्रपणे खायला लागेपर्यंतचं पिल्लू प्रयोगप्राणी धरत नाहीत, झेब्राफिशमधे ते साधारण १२० तास, आणि आपली टेस्ट ९६ तासांत संपते. पण अंडी देणारे मोठे मासे तर तुम्ही पाळणारच आहात, त्यामुळं इथं आपल्या कमिटीचं म्हणणं लेखी घ्या आणि मगच पुढं जा.

कणांची चौकशी, माशाच्या आधी

इथं घाई करू नका, निम्मी मेहनत इथंच आहे. पहिल्यांदा कण धुवायचे, म्हणजे सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी टाकायचं, ताजं डिस्टिल्ड वॉटर घालून परत हलवायचं, असं किमान तीनदा. न वापरलं गेलेलं सिल्व्हर नायट्रेट ह्यातच निघून जातं, नाहीतर तुम्ही कणांची टेस्ट करताय समजून नायट्रेटचीच टेस्ट करत बसाल.

मग टेस्टचं पाणी. आपल्याकडं नळाच्या पाण्यात क्लोरीन, बोअरचं पाणी जड आणि मिरज पट्ट्यात तर खारं, त्यामुळं दोन्ही नको. डिस्टिल्ड वॉटरमधे क्षार घालून बनवायचं: एका लिटरला कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट २९४ मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट १२३.३, सोडियम बायकार्बोनेट ६३ आणि पोटॅशियम क्लोराइड ५.५ मिलिग्रॅम. हे पाचपट पातळ करून वापरलं तरी अंडी छान वाढतात आणि नॅनोसाठी मी पातळच वापरते, कारण क्षार जास्त असले की कण एकमेकांना चिकटतात, आणि क्लोराइड चांदीच्या आयनला पकडून सिल्व्हर क्लोराइड करतं. पीएच ६.५ ते ८.५ च्या मधे. बऱ्याच लॅबमधे ई-३ नावाचं पाणी वापरतात, त्यात मीठ जास्त असतं आणि बुरशी येऊ नये म्हणून मिथिलीन ब्लू घालायची पद्धत आहे. टेस्टच्या पाण्यात ते घालू नका, चौथा संशयित कशाला वाढवायचा.

आता ह्या पाण्यात तुमचे कण टाका, मासा न घालता, आणि बघा काय होतंय. यूव्ही मशीन बहुतेक कॉलेजात असतं, त्याच्यावर शून्य तास, २ तास, ६ तास आणि २४ तासांना रीडिंग घ्या. पीक खाली आलं, पसरट झालं, लांब वेव्हलेंथकडं सरकलं तर कण गोळा व्हायला लागलेत. तसंच डीएलएस, म्हणजे पाण्यातल्या कणांचा आकार मोजायचं मशीन, ते जवळ नसेल तर विद्यापीठात किंवा ज्या संस्थेत असेल तिथं सॅम्पल द्या, फक्त सांगून द्या की डिस्टिल्ड वॉटरमधे नाही, माझ्या टेस्टच्या पाण्यातच मोजा, आणि २४ तासांनी परत मोजा.

आमच्याकडं एकदा विकत आणलेली बाटली होती, लेबलवर २० नॅनोमीटर. टेस्टच्या पाण्यात एक रात्र ठेवली आणि सकाळी डीएलएसला ४०० च्या वर आकडा आला. त्यावर प्रोजेक्ट करणाऱ्या मुलीनं आधीच्या सहा महिन्यांचे सगळे ग्राफ "२० नॅनोमीटरचा परिणाम" म्हणून काढले होते, ते सगळे परत करावे लागले. तेव्हापासून आमच्या लॅबमधे नियमच आहे, कणांचं पाण्यातलं वागणं वहीत लिहिल्याशिवाय अंड्याला हात लावायचा नाही.

गोळा झाले म्हणजे अंड्याला कमी लागले असंपण समजू नका. अंड्याच्या कवचाला, त्याला कोरिऑन म्हणतात, साधारण अर्धा ते पाऊण मायक्रॉनची भोकं असतात, सुटा कण त्यातनं आत जाऊ शकतो, मोठा गोळा बाहेर अडकतो हे खरं. पण झेब्राफिशची अंडी तरंगत नाहीत, ती वेलच्या, म्हणजे टेस्टच्या प्लेटमधल्या छोट्या खड्ड्याच्या, तळाला बसलेली असतात आणि गोळे झालेले कणपण तळालाच येऊन बसतात, म्हणजे तुम्ही लिटरला ४ मिलिग्रॅम लिहिलंय पण अंडं प्रत्यक्षात जिथं आहे तिथं ते कितीतरी जास्त असू शकतं.

पावडर असेल तर हूडमधे, एन-९५ मास्क आणि ग्लोव्ह्ज घालून वजन करा. अल्ट्राप्युअर पाण्यात स्टॉक करा, बर्फात ठेवून प्रोब सोनिकेटर, म्हणजे ध्वनिलहरींनी कण सुटे करणारं यंत्र, चालवा, किती वॅट किती मिनिटं ते लिहून ठेवा, आणि त्यातनं लगेच डायल्यूशन करा. साबणासारखं काही घालून कण वेगळे ठेवायचा मोह होतो, ते टाळा, घालावंच लागलं तर त्याचा वेगळा कंट्रोल, म्हणजे नुसतं तेवढंच घातलेला तुलनेचा सेट, लावा.

मासे आणि अंडी

मोठे मासे २६ ते २८ डिग्रीत, १४ तास उजेड १० तास अंधार असे ठेवा. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी असते आणि एप्रिलमधे पारा चाळीसला टेकतो, त्यामुळं हीटर पाहिजेच आणि उन्हाळ्यात खोली थंड ठेवायची सोय पण. मादीचं पोट गोल आणि अंग चंदेरी, नर सडपातळ आणि पिवळसर. संध्याकाळी दोन नर एक मादी ह्या हिशोबानं ब्रीडिंगच्या टाकीत सोडा, तळाला जाळी, नाहीतर स्वतःचीच अंडी खातात. जाळी नसेल तर काचेच्या गोट्यांचा थर घाला, अंडी फटींतनं खाली जातात. सकाळी लाइट लागली की अर्ध्या-पाऊण तासात अंडी पडायला लागतात. किमान तीन टाक्यांची अंडी एकत्र करा, एकाच जोडीच्या भरवशावर राहू नका.

इथून पुढं घड्याळाकडं लक्ष ठेवा. अंडी फलित झाल्यापासून दीड तासाच्या आत, म्हणजे १६ पेशी व्हायच्या आत, ती सॅम्पलमधे गेली पाहिजेत. गाळणीत घेऊन टेस्टच्या पाण्यानं धुवा आणि लगेच प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनच्या पेट्री डिशमधे थोडी थोडी टाका, निवडानिवड तिथंच मायक्रोस्कोपखाली करा, त्यामुळं निवडण्यात गेलेला वेळ फुकट जात नाही. काय निवडायचं? साबुदाण्याची खिचडी केलेल्या माणसाला हे लगेच कळतं. खराब अंडं कच्च्या साबुदाण्यासारखं दुधाळ पांढरं, चांगलं अंडं शिजलेल्या साबुदाण्यासारखं आरपार. जवळनं बघितलं तर आरपार गोळ्याच्या एका टोकाला छोटीशी टोपी दिसते आणि त्या टोपीचे चार, आठ, सोळा असे सारखे भाग पडत असतात, तुम्ही बघता बघता पडतात. भाग वेडेवाकडे असतील तर ते अंडं घेऊ नका. एकूण अंड्यांत ७० टक्क्यांपेक्षा कमी फलित असतील तर त्या दिवशीची बॅच सोडून द्या, मन घट्ट करून.

प्लेट लावणे

२४ वेलची प्लेट, एका वेलमधे एकच अंडं आणि साधारण २ मिलिलिटर सॅम्पल. एका प्लेटला एक कॉन्सन्ट्रेशन, २० वेल सॅम्पलच्या आणि ४ वेल साध्या, म्हणजे सॅम्पल न घातलेल्या टेस्टच्या, पाण्याच्या. ह्या चारांत एकापेक्षा जास्त मेलं तर ती प्लेट बाद. प्लेट आदल्या दिवशीच त्याच सॅम्पलनं भरून २४ तास ठेवायची आणि मग ओतून ताजं घालायचं, कारण चांदी प्लास्टिकला चिकटते आणि पहिल्या दिवशी अंड्याच्या वाट्याला कमीच येते.

आधी अंदाज घ्यायला ०.०१, ०.१, १ आणि १० मिलिग्रॅम प्रति लिटर अशी थोडी अंडी लावून बघा. मग त्यातल्या मधल्या पट्ट्यात पाच कॉन्सन्ट्रेशन, एकापेक्षा पुढचं २.२ पटीच्या वर नको. समजा ०.५, १, २, ४, ८. 

आता कंट्रोल, ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे. साध्या पाण्याची एक पूर्ण प्लेट. ३,४-डायक्लोरोॲनिलिन ४ मिलिग्रॅम प्रति लिटर ही पॉझिटिव्ह कंट्रोलची प्लेट, त्यात ९६ तासांत किमान ३० टक्के मेली पाहिजेत, नाहीतर तुमची अंडी किंवा तुमचं बघणं कुठंतरी चुकतंय, हे केमिकल जपून हाताळा. गाइडलाइनमधे एवढंच, पण आपल्याला अजून तीन लागतात.

पहिला, आयनचा. सिल्व्हर नायट्रेटची स्वतःची मालिका लावा, आणि लक्षात ठेवा सिल्व्हर नायट्रेटमधे चांदी वजनाच्या ६३.५ टक्केच असते, म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम चांदी पाहिजे तर १.५७ मिलिग्रॅम नायट्रेट घ्यावं लागतं. ही चूक मी एवढ्या थीसिसमधे बघितलीये की सांगायलाच पाहिजे. दुसरा, गाळलेल्या पाण्याचा. तुमचे कण टेस्टच्या पाण्यात २४ तास ठेवून ३ किलोडाल्टनच्या फिल्टरमधनं गाळा, कण वर राहतात, आयन खाली येतात, त्या खालच्या पाण्यात अंडी लावा आणि त्याच पाण्यातली चांदी आयसीपीवर, म्हणजे धातू मोजायच्या मशीनवर, मोजून घ्या. तिसरा, पाल्याचा. नुसता अर्क, चांदी न घालता, तेवढाच पातळ करून.

आता बघा हे कसं बोलतं. गाळलेल्या पाण्यात अंडी तेवढीच मरत असतील तर मारणारा आयन आहे, कण फक्त त्याची ने-आण करणारी गाडी. गाळलेल्या पाण्यात जगतायत आणि कणांमधे मरतायत, तर कणांचा स्वतःचा काहीतरी हात आहे. नुसत्या अर्कात मरतायत, तर तुमच्या "हिरव्या" भागाचीच आधी चौकशी करा.

चांदी सोडून दुसरं काही तपासत असाल तर त्याचे स्वभाव वेगळे. झिंक ऑक्साइड पण आयन सोडतं, तिथं झिंकच्या क्षाराचा कंट्रोल. टायटॅनियम डायऑक्साइड उजेडात जास्त रिअॅक्टिव्ह होतं, त्यामुळं एक सेट अंधारात.

रोजचं बघणं

प्लेट २६ डिग्रीला, एक डिग्री इकडंतिकडं चालेल, इन्क्युबेटरमधे ठेवा आणि तो इन्व्हर्टरवर जोडा. आमच्याकडं एकदा रात्री चार तास लाइट गेली होती, मार्चमधे, सकाळी सगळं चालू दिसत होतं आणि कुणाला पत्ताच नव्हता, कंट्रोलमधली सहा अंडी गेली तेव्हा शोधाशोध केली. आता आत एक कमाल-किमान दाखवणारा साधा थर्मामीटर कायम असतो. रोज सॅम्पल बदला, ताजं सोनिकेट करून, पण अंडं कधी कोरडं पडू देऊ नका.

मेलं म्हणायचे निकष चारच. अंडं गोठून पांढरं झालं. २४ तासांनी पाठीवरचे सोमाइटचे घड्यांसारखे पट्टे दिसत नाहीत. शेपूट बलकापासून सुटलेली नाही. आणि ४८ तासांपासून पुढं हृदय चालत नाही. चारांतलं एक जरी दिसलं तरी मृत लिहायचं. २६ डिग्रीला वाढ थोडी सावकाश असते, त्यामुळं २४ तासांना शेपूट नुकतीच सुटायला लागलेली दिसली तर घाबरू नका, कंट्रोलशी ताडून बघा.

हृदय बघताना एका अंड्यावर पूर्ण एक मिनिट डोळा ठेवा. निरोगी पिल्लाचं ४८ तासांना मिनिटाला शंभराच्या वर पडतं, पण विषानं मंदावलेलं दहा-बारा सेकंदात एकदाच आकसतं आणि घाईत तेवढ्यात नजर पुढच्या वेलवर गेली की जिवंताला मेलेलं लिहिलं जातं. मोबाइल आयपीसला लावून व्हिडिओ काढा, नंतर सावकाश मोजता येतं. शिवाय हृदयाभोवती पाण्याची पिशवी फुगलीये का, पाठ वाकलीये का, डोळ्यात आणि अंगावर काळा रंग भरलाय का, हे वेगळ्या कॉलममधे लिहा. मृत्यूपेक्षा कमी डोसला काय होतं ते इथंच कळतं आणि नदीत येणारा डोस बहुतेक कमीच असणार.

एका गोष्टीत खूप जण फसतात. साध्या पाण्यात पिल्लं साधारण ४८ ते ७२ तासांत कवच फोडून बाहेर येतात, पण झिंक ऑक्साइड आणि कॉपर ऑक्साइडमधे आत धडधाकट असलेलं पिल्लू बाहेरच येत नाही, कारण कवच विरघळवणारं जे एन्झाइम असतं त्यालाच हे धातू अडवतात. ते मेलेलं नाही, त्याला "जिवंत, न फुटलेलं" लिहा. पण ओढ्यात असं अडकलेलं पिल्लू पुढं जगणार नाही, म्हणून हा आकडा रिपोर्टमधे ठळक पाहिजे.

ज्यानं प्लेट लावली त्यानं रीडिंग घेऊ नये. दुसऱ्यानं प्लेटवर कोड टाकावेत आणि तिसऱ्यानं बघावं, कारण कुठल्या प्लेटमधे काय आहे हे माहीत असलं की डोळा आपोआप शोधायला लागतो, कितीही प्रामाणिक माणूस असला तरी.

टेस्ट धरायची कधी

कंट्रोलमधे ९६ तासांना ९० टक्के जिवंत, ८० टक्के कवचातनं बाहेर, पाण्यातला ऑक्सिजन ८० टक्क्यांच्या वर. ह्यातलं एक जरी चुकलं तर टेस्ट परत. २० अंड्यांत एक मेलं की ५ टक्के होतात, त्यामुळं एका प्लेटवरनं मोठी विधानं नकोत, वेगवेगळ्या दिवसांच्या अंड्यांवर तीनदा करा. एकाच प्लेटमधल्या २० वेल म्हणजे २० प्रयोग नव्हेत, परीक्षक हे पहिल्यांदा विचारतात आणि बरोबरच विचारतात.

मग प्रोबिट ह्या आकडेमोडीच्या पद्धतीनं एलसी-५०, म्हणजे निम्मी मरतात तो डोस, काढा. तो दोनदा लिहा, एकदा तुम्ही घातलेल्या चांदीवर, एकदा पाण्यात खरी मोजलेल्या चांदीवर. शेजारी २४ तासांनंतरचा कणांचा आकार आणि सिल्व्हर नायट्रेटचा एलसी-५० छापा. आणि कृष्णेबद्दल लिहिताना जपून, नदीच्या पाण्यातला सेंद्रिय गाळ आणि क्लोराइड चांदीला बांधून ठेवतात, त्यामुळं लॅबचा आकडा तसाच्या तसा नदीला लावता येत नाही. जमलं तर हरिपूरच्या संगमावरचं पाणी आणून, गाळून, त्यात एक सेट लावा. आमच्या मुलांना हा सेट सगळ्यात जास्त आवडतो, ज्या नदीत पोहायला शिकले तिचंच पाणी प्लेटमधे असतं.

टेस्ट झाल्यावर

पिल्लं १२० तासांच्या आधी संपवायची, कमिटीनं सांगितलेल्या पद्धतीनं, साधारणपणे भूल देणाऱ्या ट्रायकेनचा जास्त डोस आणि मग ब्लीच. सॅम्पलचं पाणी बेसिनमधे अजिबात नाही. एक पांढरा कॅन ठेवा, त्यात सगळं ओता, प्लेट धुतलेलं पहिलं पाणीसुद्धा, आणि मूठभर मीठ टाका. सुटे आयन सिल्व्हर क्लोराइड होऊन आणि कण गोळा होऊन दोन-चार दिवसांत तळाला गाळ बसतो. वरचं पाणीपण मोजून बघितल्याशिवाय सोडू नका, गाळ घातक कचरा नेणाऱ्यांकडं द्या. कॅनवर तारीख, चांदीचं नाव आणि ज्यानं ओतलं त्याचं नाव, परमनंट मार्करनं.